दादाची अर्धी किल्ली

आमचे भावजी लिफ्ट दुरुस्त करतात. म्हणजे पगार त्याचा मिळतो. बाकी सगळा जीव तळघरातल्या त्या यंत्रांत. कुणी विचारलं, तुमचे दीर काय करतात, तर मी लिफ्टचंच सांगते. दुसरं सांगायला गेलं की समोरचा आधी डोळे बारीक करतो आणि मग हमखास विचारतो, "पण त्यात त्यांना मिळतं काय?" काय मिळतं म्हणजे काय! शिव्या मिळतात. त्याही देशोदेशीच्या.

तरी सांगते. जगात काही माणसं कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितात आणि फुकट देऊन टाकतात. नुसते वापरायलाच नाही, आत काय लिहिलंय तेही उघडं ठेवतात, की घ्या, बदला, पुढे कुणाला हवं तर द्या. आता दहा गावची दहा माणसं मिळून असं काही लिहिणार, तर ते सगळ्यांना दिसेल अशा एका जागी ठेवायला हवं. शिवाय "हे चालत नाही, ते चालत नाही" अशा तक्रारी लिहायला जागा हवी, आपसात बोलायला हवी. मोठ्या कंपन्या देतात अशी जागा. पण माझा नवरा म्हणायचा, "दुसऱ्याच्या ओसरीवर किती दिवस बसायचं? उद्या त्यांनी दार लावलं की?" म्हणून या दोघा भावांनी स्वतःचीच जागा काढली. कुणीही यावं, आपला प्रोग्रॅम ठेवावा. अट एकच, तो सगळ्यांसाठी खुला हवा.

जागा म्हणजे छापखान्याचं तळघर. छापखानेवाला भावजींचा शाळेतला मित्र. कागदाची रिमं ठेवायची एक खोली त्यानं यांना दिली. कुठल्या कुठल्या ऑफिसांनी टाकून दिलेली यंत्रं आणून यांनी ती लोखंडी मांडणीत एकावर एक रचली. आत गेलं की पंख्यांची घरघर, एवढी की ओरडून बोलावं लागायचं. माझं एक बरं, मी एरवीही ओरडूनच बोलते.

नवरा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा. डोकं त्याचं, हात भावजींचे. नवरा ठरवणार आणि भावजी मांडणीखाली आडवे होऊन वायरी ओढणार. उंच, काटकुळा माणूस, खिशाला टेस्टर, नखांत कायम ग्रीस. लग्नाचं म्हणाल तर एक स्थळ आलं होतं. मुलगी चांगली होती, हसतमुख. हे महाशय तिला पहिल्याच भेटीत तळघर दाखवायला घेऊन गेले. मग काय, आटोपलं.

"काय दाखवलंत तिला?" मी विचारलं.

"कूलिंग," भावजी म्हणाले, अगदी साधेपणानं.

मी त्या दिवशी इतकी हसले की नवऱ्यानं पाणी आणून दिलं. पण खरं सांगते, असा माणूस मिळायला भाग्य लागतं. कुणाचा प्रोग्रॅम अडला, कुणी संकेतशब्द विसरला, कुणाच्या पानावर जाहिरातवाल्यांनी घाण करून ठेवली, की हे लिफ्टच्या खड्ड्यातून वर येऊन, हात पुसून, फोनवर उत्तर देणार. समोरचा तोंडाला येईल ते बोलायचा, फुकटात घेऊन वर तोरा. मी असते तर चांगली खरडपट्टी काढली असती. भावजी लिहायचे, "गैरसोयीबद्दल माफ करा, बघतो." आणि बघायचे. वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नाही अशा प्रोग्रॅमलाही ते हात लावायचे नाहीत. मी म्हणायची, काढून टाका की, जागा होईल. "असू द्या वहिनी. येईल तो कधीतरी आणि शोधेल," हे उत्तर.

आता माझ्या मुलीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं. ती बोलत नाही. ऐकू येतं, कळतं, चांगलं कळतं, पण शब्द तोंडातून बाहेर पडत नाही. तिच्या बापानं तिचं नाव ठेवलं बडबडी. माझ्या नणंदेला राग आला होता, असं कसं चिडवता म्हणून. पण बडबडीला ते फार आवडायचं. बापानं हाक मारली की टाळ्या पिटायची.

बापानं तिच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. टॅबलेटवर चित्रं. ग्लासाचं चित्र दाबलं की "पाणी हवं". पोटाचं दाबलं की "दुखतंय". माझा फोटो म्हणजे "आई", भावजींचा म्हणजे "काका", बापाचा म्हणजे "बाबा". शोधणाऱ्या डोळ्यांचं एक चित्र होतं, ते "कुठे". भावजींना यायला उशीर झाला की आमच्या घरात सुरू व्हायचं, "काका कुठे? काका कुठे?" आणि हे सगळं बापाच्या आवाजात. रोज संध्याकाळी मुलीला मांडीवर घेऊन तो एकेक शब्द बोलायचा आणि त्यात घालायचा. हाताच्या पंजाचं चित्र होतं नकारासाठी. ते रेकॉर्ड करताना मी नेमकं दारातून विचारलं, चहा टाकू का, आणि हा वैतागून म्हणाला, "नको म्हटलं ना!" बडबडी इतकी खिदळली की तेच ठेवलं. मग जेवायला वाढलं, "नको म्हटलं ना!" आंघोळीला चल, "नको म्हटलं ना!" नवराबायकोचं भांडण मुलीच्या टॅबलेटवर कायमचं, आहे की नाही!

प्रोग्रॅम अर्थात तळघरातल्या यंत्रांवर ठेवला, सगळ्यांसाठी. ज्याच्या घरी असं कुणी असेल त्यानं घ्यावा. फक्त आवाजाच्या फायली वजनानं मोठ्या, म्हणून त्या वेगळ्या कप्प्यात ठेवल्या. बाहेरच्या माणसानं प्रोग्रॅम उतरवून घेतला तर चित्रं आणि बटणं मिळायची, आवाज ज्यानं त्यानं आपला घालायचा. "माझा आवाज घेऊन लोक काय करणार?" नवरा म्हणायचा.

किल्लीची गोष्टही त्याच सुमाराची. तळघरात जे काही होतं त्याची नक्कल रोज एका दुसऱ्या पेटीत, म्हणजे साठवणीच्या वेगळ्या यंत्रात, जायची. ती पेटी भावजींच्या खोलीत. आग लागली, चोरी झाली, तर पेटीतून सगळं परत उभं करता यावं म्हणून. पण पेटीत जाणारी प्रत्येक गोष्ट कुलूपबंद. दाबलं की बसतं अशा कुलपासारखं ते असतं, लावायला किल्ली लागत नाही, उघडायला लागते. आणि नवऱ्याचा हट्ट असा की किल्ली एकट्याकडे असता कामा नये. "लोकांचं आहे ते. उद्या माझीच नियत फिरली तर? तुझी फिरली तर?" म्हणून किल्लीचे दोन भाग. अर्धी भावजींकडे, अर्धी याच्याकडे. दोघं मिळून बसतील तरच उघडणार.

किल्ली म्हणजे शब्दच, पाठ करायचे, कुठे लिहून ठेवायचे नाहीत. पण ते आपल्या मनानं निवडायचे नाहीत, कारण आपल्या मनातलं दुसऱ्याला ओळखता येतं. या लोकांची पद्धत अशी की फासे टाकायचे, फाशांवर येईल तो आकडा घ्यायचा आणि शब्दांच्या एका भल्यामोठ्या यादीत त्या आकड्यापुढे असेल तो शब्द घ्यायचा. नवऱ्यानं फासे बडबडीच्या हातात दिले. ती जमिनीवर बसून टाकत होती, दर वेळी टाळ्या. एकाचे शब्द निघताना दुसरा भिंतीकडे तोंड करून बसायचा. मी डोकावले तर मला हाकलून दिलं.

"बायकोपासून लपवतोस?"

"बायकोपासूनच लपवायचं असतं," म्हणाला. दोघं भाऊ आणि ती पोर, तिघंही हसायला लागले. मी चमचा फेकून मारला होता.

त्यानंतर दोन हिवाळेही गेले नसतील, नवरा ऑफिसात खुर्चीतच गेला. समोर नकाशा तसाच पसरलेला. घरी आणला तेव्हा हाताला शाई होती, ती मी पुसली.

बडबडी रडली नाही. शोधलंही नाही. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, बरंय, तिला कळत नाही ते. मला एकेकीच्या तोंडावर दार आपटावंसं वाटायचं, पण मनातून मलाही वाटू लागलं, खरंच कळलं नसेल का? कारण चेंडू कुठे, चप्पल कुठे, काका कुठे, सगळं विचारायची ती. बाबा कुठे, हे तिनं एकदाही विचारलं नाही. दिवसभर त्याच्या आवाजात बोलत राहायची. खोलीत आवाज आला की मलाही क्षणभर वाटायचं, आहे की घरात.

भावजी मात्र खचले. काम करायचे, दुप्पट करायचे, दादाचं आणि स्वतःचं. पण यांच्या त्या जागेच्या पहिल्या पानावर चालकांची नावं असायची, दादाचं पहिलं आणि यांचं दुसरं. ते पहिलं नाव काढायचा त्यांना धीर होईना. आणि किल्ली नव्यानं करायची तर आधी जुन्या धारकाचं नाव काढावं लागतं, त्याशिवाय नवा नेमता येत नाही. हे मला नंतर कळलं. मित्रांनी दोनदा आठवण करून दिली होती त्यांना. "करतो," म्हणायचे. पेटीत नक्कल रोज जात होती, हिरवा दिवा रोज लागत होता, सगळं कसं सुरळीत. तिची अर्धी किल्ली तिकडे मातीत गेली आहे, हे या शहाण्या माणसाला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. फक्त ते नाव खोडायला हात उचलत नव्हता.

मग टॅबलेटची बॅटरी फुगली. पडदा वर आला, मागची पाठ गरम. भावजींनी तो वाळूच्या बादलीत ठेवला आणि अशा वस्तू गोळा करणाऱ्याकडे नेऊन दिला, पेट घेईल म्हणून. ते बरोबरच होतं. आधीही टॅबलेट फुटले होते. बडबडी आपटतेच. दर वेळी भावजी नवीन आणायचे, तळघरातून प्रोग्रॅम आणि आवाज उतरवायचे, की झालं. नवीन टॅबलेट आलासुद्धा. "रविवारी घालून देतो वहिनी," म्हणाले.

शनिवारी भर दुपारी छापखान्याच्या वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला. तिथले लोक गावाला गेलेले. पाणी छापखान्यातून झिरपत तळघरात उतरलं, थेट मांडणीवर. भावजी तेव्हा एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात होते, फोन वर पिशवीत. छापखानेवाला घामाघूम होऊन मलाच न्यायला आला. आम्ही पोचलो तेव्हा पंख्यांचा आवाज बंद होता. त्या खोलीत मी पहिल्यांदाच हळू बोलले.

भावजी आले, पाण्यात उभे राहिले, यंत्रं बाहेर काढली, पुसली, वाळवली. डिस्का एका दुरुस्तीवाल्याकडे नेल्या. त्यानं उघडून बघितल्या आणि मान हलवली. आमच्या घरचा जुना कॉम्प्युटर, ज्यावर नवऱ्यानं आवाज भरला होता, तोही भावजींनी आतलं सगळं पुसून टाकून पूर्वीच त्या मांडणीत बसवला होता. माझ्या फोनवर नवऱ्याचे काही व्हिडिओ आहेत. सगळ्यांत तो कॅमेऱ्यामागे. "इकडे बघ, इकडे बघ," एवढंच.

"पेटी आहे ना?" मी म्हटलं. "ती तर तुमच्या खोलीत आहे, कोरडी."

भावजी खाली बसले. खुर्चीवर नाही, जमिनीवर. मग सांगितलं मला, अर्ध्या किल्लीचं.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. "नाव खोडायचा धीर नव्हता म्हणे! आता काय खोडायचं राहिलं?" हेही बोलले. ते ऐकून घेत होते, त्या शिव्या देणाऱ्यांचं ऐकायचे तसंच. मग माझीच मला लाज वाटली आणि मी त्यांच्याशेजारी बसले.

शब्द ओळखायला बसलो दोघं. मी नवऱ्याला आतून बाहेरून ओळखत होते, त्याच्या खोड्या, त्याच्या आवडीची गाणी, त्याच्या ठरलेल्या शिव्या. काय उपयोग! ते शब्द त्यानं निवडलेच नव्हते. फाशांनी निवडले होते, आणि फासे टाकणारी आतल्या खोलीत नव्या कोऱ्या टॅबलेटच्या काळ्या पडद्यावर बोट आपटत होती. भावजी त्या गोळा करणाऱ्याकडेही जाऊन आले. त्यानं आवारातल्या पोत्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं, "यातलं असेल किंवा कालच्या गाडीत गेलं असेल." भावजी अंधार पडेपर्यंत पोती उपसत होते. हात कापून घेऊन आले.

मग त्यांनी सगळ्यांना कळवलं. लपवलं काही नाही. पाणी आलं, पेटी उघडत नाही, चूक माझी आहे, असं. मला वाटलं, आता लोक फाडून खाणार. आणि झालं भलतंच. या लोकांत जो जो एखाद्या प्रोग्रॅमवर काम करतो त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर त्याची सबंध प्रत असते. हळूहळू एकेकानं आपापली प्रत परत आणून ठेवायला सुरुवात केली. भावजींनी कोरडी यंत्रं जमवली, छापखानेवाल्यानं वरची खोली दिली. महिनाभरात जवळजवळ सगळं परत आलं. ज्या प्रोग्रॅमकडे वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नव्हतं त्याचा धनीसुद्धा आला, शोधत. लोकांनी कौतुकाची पत्रं पाठवली. शिव्या देणारा एक होता ना, त्यानंही लिहिलं, शाबास. भावजी ती पत्रं वाचायचे आणि बाजूला ठेवायचे. जगाचं सगळं मिळालं होतं. आमचं तेवढं गेलं होतं, कारण ते दुसऱ्या कुणाच्या कामाचं नव्हतं म्हणून कुणी घेतलंच नव्हतं.

एक बाई होत्या, कुठल्या तरी लांबच्या गावच्या. त्यांच्या वडिलांची वाचा झटक्यानं गेली होती, म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याचा प्रोग्रॅम घेतला होता. त्यांनी आपली प्रत पाठवली. लिहिलं होतं, चित्रं आणि बटणं तुमच्या भावाचीच आहेत, आवाज मात्र माझा आहे, क्षमा करा. भावजींनी तो उघडला. ग्लासाचं चित्र दाबलं तर एक परकी बाई परक्या भाषेत काहीतरी म्हणाली.

त्याच दिवशी भावजींनी चालकांच्या यादीतून दादाचं नाव काढलं. माझ्यासमोर काढलं, मुद्दाम मला बोलावून. तिथे माझं घातलं. नवी किल्ली केली, बडबडीनंच फासे टाकले, टाळ्या पिटल्या. माझे शब्द मला पाठ आहेत. जुनी पेटी माझ्या कपाटात आहे. नवऱ्याचा आवाज तिच्यात आहे, धडधाकट, एक अक्षरही न बिघडलेला. वर मी साड्या ठेवते.

आवाज कुणाचा घालायचा हा प्रश्न राहिला. मी बसले एकदा. "पाणी हवं" म्हटलं आणि पुढे बोलता येईना, माझ्यासारखीला! शिवाय माझा आवाज ती पोर दिवसभर ऐकतेच आहे. दोघा भावांचा आवाज मात्र सारखा. फोनवर मीही फसायची, नवरा समजून नको ते बोलायची, आणि भावजी तिकडून खाकरायचे.

"मीच बोलतो," भावजी म्हणाले. शांत जागा म्हणून त्यांनी एक लिफ्ट बंद ठेवली आणि दोन मजल्यांच्या मध्ये, आत बसून सगळे शब्द म्हटले. पंजाचा शब्द त्यांना जमेना. आयुष्यात कुणावर खेकसला नव्हता तो माणूस. घरी येऊन मला म्हणाले, "वहिनी, मला चहा विचारा." मी विचारलं. पुन्हा विचारलं. शेवटी एकदाचं ते म्हणाले, "नको म्हटलं ना!" आणि तोंड फिरवून उभे राहिले.

टॅबलेट दिला तिच्या हातात. ती घेऊन बसली, चित्रं ओळखीची, टाळी पिटली. ग्लास दाबला. "पाणी हवं." ती थांबली. पुन्हा दाबला. मग एकेक चित्र दाबत गेली, सगळी, ओळीनं, कान पडद्याला लावून. दुखतंय. आई. काका. काका दाबल्यावर तिनं मान वर केली आणि भावजींच्या ओठांकडे बघितलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला वाटलं, आवडलं तिला.

तिनं बापाचा फोटो दाबला. मग शोधणारे डोळे.

"बाबा कुठे?" टॅबलेट म्हणाला, भावजींच्या आवाजात.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आजवर तिला विचारायची गरजच नव्हती, तिचा बाप तिच्या हातात होता. बाहेरच्या बायका मूर्ख आणि मी त्यांच्याहून मूर्ख.

"बाबा कुठे? बाबा कुठे?"

"मेले" या शब्दाला त्या टॅबलेटवर चित्र नव्हतं. भावजी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. तिचे दोन्ही हात धरायला गेले, तिनं सोडवून घेतले. मग ते बोलले, हळू, तोच आवाज, आता त्यांच्या तोंडातून. "बाबा नाहीत गं बडबडे. बाबा गेले. परत नाही यायचे."

तिनं ऐकलं. टॅबलेटकडे बघितलं, काकाकडे बघितलं. मग पंजाचं चित्र शोधून त्यावर बोट ठेवलं आणि दाबत राहिली. नको म्हटलं ना, नको म्हटलं ना, नको म्हटलं ना. भावजी तिथेच बसून आपलाच आवाज ऐकत होते आणि तिला थांबवायला आमच्यापैकी कुणीच पुढे झालं नाही.